नऊ व्होल्टची जवारी

मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा दांडीला बसला, पॉलिश झालं, तारा चढल्या, तरी वाद्य गवयाच्या हाती देण्याजोगं होत नाही. जवारीचं काम बाकी असतं. कारागीर घोडीचा माथा कानसेने आणि मग काचकागदाने इतक्या बेताने घासतो की तार तिथे एका रेषेवर टेकत नाही, हलक्या उतारावर पसरते आणि थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. ती सापडली की तारेचा आवाज उघडतो आणि मूळ स्वराच्या वर इतर स्वरांचं मोहोळ उठतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानामागे जी कारागिरी आहे, तिचा मोठा भाग या घोडीच्या बोटभर रुंदीत आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला, त्यात ही घोडी केंद्रस्थानी आहे. तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा युरोपातल्या ध्वनिशास्त्राचा नियम. रामन यांना तंबोऱ्यात असे उपस्वरही स्पष्ट ऐकू आले. कारण घोडी तारेला तिच्या मनासारखं हलू देत नाही. प्रत्येक आंदोलनात ती थोडी आडवी येते, आणि त्या आडवं येण्यातून नवे स्वर जन्मतात.

या प्रकरणात आपण पुण्यात, घरच्या टेबलावर, गिटारचं फझ पेडल तयार करणार आहोत. ते काय करतं हे मिरजेची घोडी ज्याने पाहिली आहे त्याला अर्धं आधीच कळलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. फझ हा डिस्टॉर्शनचा एक प्रकार, आणि डिस्टॉर्शनला आपण सहज ‘आवाज फाटला’ म्हणतो. पण फाटलेल्या आवाजात काहीच कमी झालेलं नसतं. त्यात भर पडलेली असते. कोणती भर पडावी आणि किती, हे ठरवणं म्हणजेच पेडल बनवणं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की या वेढ्यांत सुमारे एक दशांश व्होल्टचा विद्युतदाब डोलू लागतो. जोरात छेडलं तर त्याहून जास्त. हा संदेश ट्रान्झिस्टरने दहापट मोठा केला की लाटेची शिखरं एक व्होल्टपर्यंत जातात. आता वाटेत दोन डायोड उलटसुलट दिशेने जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडून ठेवायचे. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो. लाट तिथवर चढते, आणि त्यापुढचा तिचा भाग डायोडमधून निघून जातो. गोल शिखराच्या जागी सपाट पठार तयार होतं.

कोणतीही नियमित लाट साध्या, गोलसर लाटांची बेरीज करून मांडता येते, हे फूरिएचं गणित. लाट वरून आणि खालून सारखीच छाटली तर मूळ स्वराच्या ३, ५, ७ अशा विषम पटींचे उपस्वर वाढतात. एका बाजूने जास्त छाटली तर २, ४ अशा सम पटीही येतात. हे आकडे आपल्या भाषेत वाचून पाहा. मूळ स्वर षड्ज धरला तर दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिप्पट म्हणजे पंचम आणि पाचपट म्हणजे गंधार. सुरेल जुळलेल्या तंबोऱ्यात कोणत्याही तारेला न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तोच हा पाचवा उपस्वर. डायोडची जोडी नेमका पंचम आणि गंधार फुगवते. फझ लावलेल्या गिटारची एकच तार भरीव का वाटते, याचं उत्तर इथे आहे.

दोन तारा एकत्र वाजल्या की प्रकरण आणखी रंगतं. छाटणाऱ्या सर्किटमध्ये दोन स्वर शेजारी शेजारी राहत नाहीत. त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही उमटतात. २२० आणि ३३० हर्ट्झ, म्हणजे षड्ज-पंचमाची जोडी, वाजवली तर वजाबाकी ११० येते, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. न वाजवलेला खर्ज मिळतो! रॉक गिटारवादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो एवढाच असतो, सा आणि प. तोच पूर्ण मेजर कॉर्ड गंधारासह फझमधून वाजवला की बेरजा-वजाबाक्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि चिखल होतो. तंबोरा जुळवणाऱ्यांनी आणि हेवी मेटल वाजवणाऱ्यांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन पंचमच निवडला, हे मला फार सुंदर वाटतं.

याच पुण्यातल्या काही शास्त्रज्ञांचं आयुष्य या बेरजा-वजाबाक्यांना दूर ठेवण्यात जातं. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ३० प्रचंड अँटेना असलेली दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे. तिथे आकाशातून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. जवळपासच्या एखाद्या जोरकस प्रक्षेपणाने ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला गेला, तर ताऱ्यांकडून न आलेल्या लहरी नोंदीत उमटतात. भौतिकशास्त्र एकच आहे. खगोलशास्त्रज्ञ ते टाळतो, गिटारवादक आवर्जून बोलावतो.

आवाज मुद्दाम छाटण्याची सुरुवात एका बिघाडाने झाली. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सिंग टेबलातल्या एका वाहिनीत दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिनचं वादन घरघरत उतरलं. ते तसंच ठेवलं गेलं, आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने तोच दोष ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये तो ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सने तो वापरला आणि मग मागणीला खंड पडला नाही. त्याआधी याच आवाजासाठी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरच्या पडद्याला ब्लेडने चिरा दिल्या होत्या. लंडनच्या आर्बिटर कंपनीचा ‘फझ फेस’ १९६६ मधला. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली हाच असे. तो उघडला तर आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर आणि दोन पॉट (बटण फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर), एकूण ११ भाग निघतात.

अकरा भाग! ही गोष्ट हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकात मुंबईत रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे ‘सॅव्हेज एन्काउंटर’ आणि ‘वेल्वेट फॉग’सारख्या बँडमधून गात होते, तेव्हा आयात निर्बंधांमुळे परदेशी पेडल फार थोड्यांच्या नशिबी होतं. आज परिस्थिती पालटली आहे. २०१० च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात एनएच-७ वीकेंडर महोत्सव सुरू झाला, मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखी कंपनी पेडल बनवून जगभर विकते आहे, आणि हवं ते पेडल घरपोच येतं. तरीही एक पेडल स्वतः बनवावं, असं मी आग्रहाने सांगेन. विकतच्या पेडलवर दोन-तीन बटणं असतात. घरच्या पेडलचा प्रत्येक भाग हे एक बटण असतं.

सामान आणायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जावं. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीचे दिवस मात्र टाळावेत. तेव्हा सगळी गल्ली रोषणाईच्या माळांनी आणि माळा घेणाऱ्यांनी भरलेली असते. मागायचं ते असं. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एकाऐवजी पाच घ्या, एक कप चहापेक्षा एकाची किंमत कमी असते. पाव वॅटचे रेझिस्टर: २.२ मेगाओहम, ६.८ किलोओहम, ६८० ओहम, आणि एलईडीसाठी ४.७ किलोओहम. ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर. १एन४१४८ डायोड चार-सहा. १०० किलोओहमचा पॉट, पाव इंची दोन जॅक, त्यातला एक स्टीरिओ. ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप. झिरो पीसीबीचा, म्हणजे सोल्डर करायच्या भोकांच्या पाटीचा, तुकडा. नऊ टोकांचा पायाने दाबायचा स्विच दुकानात मिळाला नाही तर ऑनलाइन मागवावा लागतो.

थेट सोल्डर करू नका, आधी ब्रेडबोर्डवर मांडा. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. अमेरिकी आराखड्यांत बहुतेक वेळा २एन३९०४ असतो आणि त्याचा क्रम बरोबर उलटा असतो. चित्र पाहून डोळे मिटून जोडणाऱ्यांचं सर्किट इथेच मुकं राहतं.

६.८ किलोओहम बॅटरीच्या धन टोकापासून कलेक्टरला. ६८० ओहम एमिटरपासून ग्राउंडला. २.२ मेगाओहम कलेक्टरपासून बेसला. गिटारचा संदेश एका कॅपॅसिटरमधून बेसवर येतो, कलेक्टरवरून दुसऱ्या कॅपॅसिटरमधून बाहेर पडतो. तिथे दोन डायोड उलटसुलट, ग्राउंडला. मग पॉटचं एक टोक संदेशाला, दुसरं ग्राउंडला, आणि मधल्या टोकावरून आवाज ॲम्प्लिफायरकडे. संपलं. यातला डायोडपर्यंतचा भाग हाच सत्तरच्या दशकात काही गिटारांच्या पोटातच बसवलेल्या एका प्रसिद्ध सर्किटचा गाभा आहे.

आता मल्टिमीटर कलेक्टर आणि ग्राउंड यांच्यामध्ये धरा. ४ ते ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. लाटेला वर आणि खाली सारखीच जागा हवी, म्हणून कलेक्टर बॅटरीच्या साधारण मध्यावर बसवायचा असतो. हे काम २.२ मेगाओहमचा रेझिस्टर आपोआप करतो. कलेक्टरचा व्होल्टेज खाली गेला की बेसला मिळणारा प्रवाह कमी होतो, त्यामुळे ट्रान्झिस्टर सैल पडतो आणि व्होल्टेज पुन्हा वर येतो. म्हणूनच ट्रान्झिस्टर कोणत्या गठ्ठ्यातला आला याने फारसं बिघडत नाही. ९ च्या जवळ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर चालूच झालेला नाही, बहुधा पाय चुकलेत.

वाढ किती? ६.८ किलोओहमला ६८० ने भागा: दहा. इतका साधा हिशेब आहे, आणि म्हणूनच तो बदलून पाहता येतो. ६८० ओहमच्या समांतर १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, धन पाय एमिटरकडे, लावला की वाढ शंभराच्या पुढे जाते आणि सौम्य खरखरीची जागा घट्ट, मधमाश्यांसारख्या गुंजनाने घेतली जाते. पण त्याची किंमत मोजावी लागते. आता सर्किट पिकअपकडून जास्त प्रवाह ओढतं आणि तीव्र स्वरांची धार जाते. फझ फेसही असाच पिकअपला ओढतो, म्हणून गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा खाली केला की त्याचा आवाज स्वच्छ होतो. हेंड्रिक्सने ही मर्यादा वाद्यासारखी वाजवली.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते पहिल्या कॅपॅसिटरने. या सर्किटचा प्रवेशरोध (इनपुट इम्पिडन्स) सुमारे १०० किलोओहम आहे. ०.१ मायक्रोफॅरड असेल तर साधारण १६ हर्ट्झच्या खालचं तेवढं अडतं, म्हणजे गिटारचं सगळं आत येतं. त्याच जागी ०.०१ लावला की ही सीमा १६० हर्ट्झवर येते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा, म्हणजे खर्ज छाटणीच्या आधीच पातळ होतो. आणि नवल असं की त्याने फझ जास्त स्पष्ट लागतो, कारण खर्जाच्या मोठ्या लाटा डायोडची सगळी जागा खाऊन टाकत नाहीत. दोन्ही कॅपॅसिटर शेजारी ठेवून, एकामागून एक लावून, डोळे मिटून ऐका. पुस्तकाची दहा पानं वाचून जे कळत नाही ते कळेल.

डायोडचंही तसंच. १एन४१४८ च्या जागी लाल एलईडी लावले तर छाटणी १.७ व्होल्टच्या आसपास होते. या दहापट वाढीला क्वचितच छाटलं जातं, आवाज मोठा आणि मोकळा राहतो. जर्मेनियमचे डायोड पाव व्होल्टच्या सुमारास, हळूहळू वाहू लागतात, म्हणून त्यांची छाटणी मऊ. एका बाजूला जर्मेनियम, दुसऱ्या बाजूला सिलिकॉन लावलं की दोन बाजू वेगळ्या उंचीवर छाटल्या जातात आणि सम पटींचे उपस्वर येतात. माझी पसंती याच जोडीला आहे.

जर्मेनियम म्हटलं की जुना बाजार आठवतो. रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेजवळ भरणाऱ्या त्या बाजारात जुने ट्रान्झिस्टर रेडिओ अजून येतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे सेमीकंडक्टर बनवायला सुरुवात केली होती, आणि त्या काळच्या रेडिओंच्या आवाजाच्या टप्प्यात एसी १२८ सारखे धातूच्या टोपीतले ट्रान्झिस्टर सर्रास असत. त्याच एसी १२८ साठी परदेशातले पेडल बनवणारे आज चढ्या किमती मोजतात. एखाद्या मोडक्या रेडिओत ते निघाले तर जपून काढा, पायाला चिमटा धरून, म्हणजे उष्णता वर जाणार नाही. मात्र व्हॉल्व्हच्या मोठ्या रेडिओला अनुभवी माणसाशिवाय हात लावू नका. त्याच्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज उरलेला असू शकतो.

एसी १२८ पीएनपी जातीचा आहे, म्हणून त्याच्या नेहमीच्या आराखड्यात बॅटरीचं धन टोक ग्राउंड असतं. इतर पेडलच्या ॲडॅप्टरवर तो कधी जोडायचा नाही. दुसरी अडचण आपल्या हवेची. जर्मेनियममधून गळणारा प्रवाह तापमान दहा अंश वाढलं की जवळपास दुप्पट होतो. डिसेंबरात रात्री दहा अंशांवर जुळवलेला फझ एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांना कुंथू लागतो, कारण कलेक्टर मध्यावरून सरकलेला असतो. यासाठी पहिलं पेडल सिलिकॉनचंच असावं. जर्मेनियमचा मोह डायोडवर भागवता येतो, डायोड उन्हाळा बराच सहन करतात.

सर्किट मनासारखं वाजलं की झिरो पीसीबीवर घ्या. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. आधी पाय आणि पट्टी दोन्ही तापवायची, मग सोल्डर वाहू द्यायचं. थेंब गोळीसारखा फुगून बसला तर तो ड्राय सोल्डर, वरून चांगला दिसतो आणि पेडलवर पाय पडला की करकरतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा आणि काम संपल्यावर हात धुवा.

पेटी धातूचीच हवी आणि ती ग्राउंडला जोडलेली हवी. ॲल्युमिनियमची ओतीव पेटी उत्तम, नाही तर भिंतीत बसवायचा लोखंडी स्विचबॉक्सही चालतो. प्लास्टिकमध्ये घरातल्या वायरिंगची गुणगुण थेट आत शिरते आणि फझ तिलाही मोठं करतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि स्वस्त ॲडॅप्टरमधून बहुधा तिची दुप्पट, १०० हर्ट्झ, झिरपते. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. म्हणजे पुण्यातली गुणगुण तिसऱ्या फ्रेटच्या किंचित वर, बेसूर लागते. अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे ती वेगळ्याच स्वरावर असते.

स्टीरिओ जॅक गिटारच्या बाजूला लावा. बॅटरीचं ऋण टोक त्याच्या मधल्या पट्टीला जोडलं की गिटारची साधी पिन आत गेल्यावरच ते ग्राउंडला टेकतं आणि पेडल चालू होतं. पिन काढली की बॅटरी सुटी. हे करावंच, कारण हे सर्किट अर्धा मिलिॲम्पियरच्या आसपासच खातं आणि ९ व्होल्टची बॅटरी महिनोन्‌महिने टिकू शकते, पण एलईडी एकटाच त्याच्या दुपटीहून अधिक पितो. ॲडॅप्टरचं भोक ठेवायचं असेल तर पेडलच्या दुनियेत मधली पिन ऋण असते, तर बाजारातल्या बऱ्याच ॲडॅप्टरची धन. वाटेत एक डायोड घाला, चूक झाली तरी ट्रान्झिस्टर वाचेल.

नऊ टोकांच्या स्विचमध्ये तीन स्वतंत्र रांगा असतात: एक गिटारची वाट बदलते, दुसरी बाहेर जाणारी, तिसरी एलईडीची. बंद असताना गिटार सर्किटला न शिवता सरळ ॲम्प्लिफायरकडे जाते. जोडणीत सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, तेव्हा आधी कागदावर नऊ ठिपके काढून तारा रेखून घ्या. पेटीला भोकं पाडण्यापूर्वीही सेंटर पंचने खूण करावी, नाही तर ड्रिल ॲल्युमिनियमवर घसरतं. स्विचला १२ मिलिमीटर, जॅकला १० च्या आसपास, पॉटला ७.

हे वाजलं की त्याच पद्धतीने दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याच्या मागे लावून पाहता येतो, पहिल्याचा कॅपॅसिटर ०.०१ ठेवून. त्यानंतर ऑप-ॲम्प, म्हणजे एका चिपमधला तयार ॲम्प्लिफायर. १९७९ च्या सुमाराच्या आयबानेझ ट्यूब स्क्रीमर पेडलमध्ये डायोड ग्राउंडला नाहीत, ऑप-ॲम्पच्या परतीच्या वाटेत आहेत. त्यामुळे शिखरं छाटली गेली तरी मूळ लाट त्यात मिसळलेली राहते आणि प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. त्यातला ४५५८ हा ऑप-ॲम्प तपकीर गल्लीत सहज मिळतो. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक रेझिस्टरचं आणि कॅपॅसिटरचं मूल्य मार्करने लिहून ठेवा, म्हणजे दुसरं बनवताना पहिल्यात काय आवडलं होतं ते शोधत बसावं लागणार नाही.